पक्कड आहे का घरात?

आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात कोणी नवी गाडी घेतली की पहिल्या दिवशी लोक पेढे मागायला येतात आणि दुसऱ्या दिवशी पाना. गाडी जुनी असेल तर पेढे कोणी मागत नाही, पाना मात्र मागतातच. गाडी दारात उभी आहे म्हणजे घरात हत्यारं असणारच, असा इकडचा समज आहे. ती गाडीवाल्याला वापरता येतात की नाही, हे कोणी विचारत नाही. मागणाऱ्याला येतात ना, मग झालं.

त्यामुळे गाडीच्या घरगुती डागडुजीला कोणती हत्यारं घ्यावीत, याबद्दल शहरातली जाणकार मंडळी जे सांगतात ते आम्हाला निम्मंच लागू पडतं. ते म्हणतात, आधी गाडीचं मॉडेल बघा, नटबोल्टांचे आकार बघा आणि मग खरेदीला निघा. बरोबर आहे. पण इकडे त्याच्याही आधी आजूबाजूची घरं बघावी लागतात. कोणाच्या घराचं काम निघालंय, कोणाच्या विहिरीवरची मोटर दर आठवड्याला बसते, कोणाचा मुलगा कॉलेज सोडून अंगणात मोटारसायकल खोलून बसलाय, ही सगळी माहिती घेतल्याशिवाय हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढू नये. हत्यार तुम्ही गाडीसाठी घेता, पण ते जगतं शेजाऱ्यांकडे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गॅरेजं काय ओस पडलीत? तशी ती ओस नाहीत. आग्रा रोडला वासिंदपासून आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्यापर्यंत पंक्चरवाले, टायरवाले, वेल्डिंगवाले हारीने बसलेत. अडचण सुरू होते ती हायवे सोडून आत वळल्यावर. डोळखांबच्या पुढे एखाद्या पाड्यावर गाडी बंद पडली की तुमच्याभोवती माणसं खूप जमतात, सल्लेही पुष्कळ मिळतात, दहाचा पाना मात्र मिळत नाही. मुरबाडकडे तर रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वे येणार, येणार हे ऐकत तिकडची एक अख्खी पिढी गाड्या घेऊन मोकळी झाली. सरळगाव, टोकावडे, मोरोशी मागे टाकून माळशेजच्या अंगाला लागलात की मोबाइलची रेंज जाते. आणि रेंज असली तरी एप्रिल-मे महिन्यांत फिटर सापडेल याची खात्री नाही, कारण रोज कुणाची ना कुणाची हळद असते. आमच्याकडे लग्न एक वेळ चुकलं तरी चालतं, हळद चुकवलेली चालत नाही. फिटर हळदीत नाचत असेल तर त्याला बोनेटखाली बोलवायची हिंमत आमदारालाही होणार नाही.

पंक्चरचा माल तर इथे मुबलक. बाभळीचे काटे पूर्वापार आहेतच. बैलाच्या नालेचा खिळा रस्त्यात पडलेला असतो. आणि अलीकडे जिकडेतिकडे रस्त्यांची कामं निघाल्यापासून सळई बांधायच्या तारेचे तुकडे आलेत. रस्ता जितका चांगला होणार असतो तितका तो होईपर्यंत टायरला महाग पडतो.

मग माणूस हत्यारं घ्यायचं मनावर घेतो आणि पहिला मोह त्याला होतो तो पेटीचा. मोबाइलवर जाहिरात येते: १०८ नगांची पेटी, आज निम्म्या किमतीत. १०८ हा आकडा जपमाळेला शोभतो आणि रुग्णवाहिकेला उपयोगी पडतो. पान्यांच्या पेटीत तो का असतो हे पेटी उघडल्यावर कळतं. त्यातले निम्म्याच्या आसपास नग म्हणजे बोटाच्या पेराएवढे स्क्रू ड्रायव्हरचे तुकडे. चांदणीच्या आकाराचे, षटकोनी, चौकोनी, काही तर असे की ते ज्या स्क्रूला लागतात तो स्क्रू ठाणे जिल्ह्यात अजून आलेला नसावा. मग गोट्या, म्हणजे सॉकेट पाने. ४ मिलिमीटरपासून थेट ३२ पर्यंत. चारच्या गोटीला गाडीत गिऱ्हाईक सहसा नाही. बत्तीसची गोटी बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकाच्या एक्सलच्या नटाला लागते, आणि तो नट घरी खोलायचाच नसतो. म्हणजे या टोकाला निरुपयोगी, त्या टोकाला धोकादायक, आणि मधल्या ज्या सहा-सात गोट्या रोज लागतात त्या पेटीतल्या प्लास्टिकच्या खाचेत इतक्या घट्ट बसवलेल्या की त्या काढायला वेगळं हत्यार लागतं.

या पेट्या आमच्याकडे दिसतात त्या मुख्यतः पावसाळ्यात, शनिवार-रविवारी. माळशेजचे धबधबे नाहीतर माहुलीचा पायथा बघायला आलेल्या गाडीच्या डिकीतून ती पेटी निघते. मालक ती रस्त्याच्या कडेला उघडतो, घरचे लोक कौतुकाने बघतात, एक जण फोटोही काढतो. तेवढ्यात गुरं घेऊन चाललेला गडी थांबतो, बोनेटमध्ये डोकावतो आणि म्हणतो, “बॅटरीचा टर्मिनल ढिला हाय, भाऊ. दहाचा पाना द्या.” पेटीत सगळं असतं. दहाची गोटी तेवढी मागच्या सहलीत कुठेतरी राहिलेली असते.

हा दहाचा पाना नीट समजून घेतला पाहिजे, कारण घरगुती दुरुस्तीची निम्मी विद्या त्याच्यात आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टरचं झाकण, मडगार्डचे बारके बोल्ट सगळे दहाचे. त्याच्या पुढे घराणी फुटतात. जपानी वळणाच्या गाड्यांना १०, १२, १४, १७ असे पाने लागतात. युरोपीय वळणाच्या गाड्यांना १०, १३, १६. बोल्टची जाडी तीच, पण जपान्यांनी डोकं जरा लहान ठेवलं. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं तिकडे १२ चं असतं आणि युरोपात १३ चं. आपल्या दारात कोणत्या घराण्याची गाडी उभी आहे एवढं कळलं की निम्मी खरेदी वाचते.

पण दुकानात पाने सुटे मागितले की दुकानदार दुखावतो. तो दुतोंडी पान्यांचा आठ नगांचा सेटच काढतो: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२. यातल्या १०-११ च्या पान्यात दहा बिचारा मरमर मरतो आणि अकरा नुसता बरोबर फिरतो. संसारात अशी जोडपी असतात. नावं घेत नाही. १४-१५ चंही तेच. पंधराला मी अजून कामावर गेलेला पाहिलेला नाही. तरी सेट घ्यावा, कारण शेजारी मागायला येतो तेव्हा त्याला अकराचाच हवा असतो. त्याची विहिरीवरची मोटर कोणत्या घराण्यातली आहे ते तिच्या कंपनीलाही सांगता येणार नाही.

उघड्या तोंडाचा पाना बोल्टला दोन बाजूंनी धरतो, रिंग पाना चहूबाजूंनी. म्हणून घट्ट बसलेला बोल्ट आधी रिंगने मोडायचा, म्हणजे पहिला अडलेला आटा सोडवायचा, आणि मग उघड्या पान्याने भराभर काढायचा. हे वाचून कळतं, पण पटतं ते बघून. मुरबाडच्या एका गॅरेजात जीपखाली फिटर आडवा झालेला आणि बाहेर आयटीआयला जाणारा एक पोरगा उकिडवा बसलेला. जीपखालून नुसता हात बाहेर यायचा, कोपरापर्यंत काळा, तळवा वर. “बारा-तेरा.” पोरगा पाना तळव्यावर ठेवायचा. हात आत. पुन्हा बाहेर. “रिंग.” मग “चिंधी.” मग नुसताच हात, शब्द नाही, आणि तरी पोराने बरोबर लांब स्क्रू ड्रायव्हर ठेवला. जीपचे मालक एक गुरुजी होते. त्यांना राहवेना. शाळेत मुलांनी उत्तर द्यायच्या आत उत्तर सांगायची सवय. पुढच्या वेळी हात बाहेर आला तसा त्यांनी चटकन एक पाना उचलला. पोरगा मान वर न करता म्हणाला, “ठेवा तो, गुरुजी. चौदाय तो. बोल्ट तेराचाय, गोल होईल.” गुरुजींनी पाना डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला. चौदाच होता. पोराने तो वाचला नव्हता, नुसता बघितला होता. गुरुजी मग टायरवर टेकून वर्तमानपत्र वाचत बसले.

बोल्ट गोल होणं म्हणजे काय ते ज्याच्यावर आलंय त्याला विचारा. डोक्याचे सहाच्या सहा कोपरे झिजतात आणि मग कोणताही पाना त्याच्याभोवती नुसता प्रदक्षिणा घालतो. याला कारण बहुधा मिलिमीटरचा लहानसा अंश असतो. इकडच्या जुन्या जीपा आठवून बघा. काळ्या-पिवळ्या, मागे चौदा माणसं, टपावर कोंबड्या. त्यांचे बोल्ट इंचाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, अगदी आपला म्हणून बसतो, आणि जोर लावला की ०.३ मिलिमीटरच्या फटीतून सरकून कोपरे खातो. ९/१६ इंचाची तर आणखी पंचाईत. ते १४.२९ भरतं, म्हणजे चौदाचा पाना चढत नाही आणि पंधराचा थांबत नाही. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पर्यंत देश मेट्रिक झाला, पण हे जीपला कोणी कळवलं नाही. पुढे त्याच जीपांत फ्रेंच वळणाचं डिझेल इंजिन आलं, ते मेट्रिक. म्हणजे इंजिन मिलिमीटरचं आणि सांगाडा इंचाचा. त्या काळातल्या फिटरकडे दोन पेट्या असत, आणि बोल्ट कुठल्या देशाचा हे त्याला अंधारात बोट फिरवून कळत असे.

इंच गेला असं मात्र समजू नका. आजही मेट्रिक गोटीच्या मागचं चौकोनी भोक, जिथे रॅचेटची दांडी बसते, ते जगभर १/४, ३/८ नाहीतर १/२ इंचाचंच असतं. पुढून मिलिमीटर, मागून इंच. घरगुती कामाला अर्ध्या इंचाची दांडी आणि सहा-सात गोट्या पुष्कळ झाल्या. गोटी घेताना मात्र आतून सहा कोपऱ्यांची बघून घ्यावी. बारा कोपऱ्यांची दिसायला देखणी असते, नटावर चटकन बसते, पण गंजलेल्या नटाचं डोकं जास्त खाते. आणि आमच्याकडे गंजलेला नसलेला नट दाखवा! जूनमध्ये पाऊस लागला की तो नवरात्रात विचार करून जातो.

म्हसाच्या जत्रेत, पौष पौर्णिमेच्या बैलबाजारात, आमचा शेतकरी बैल घेताना काय काय बघतो? दात मोजतो, खूर उचलतो, वशिंडावर थाप मारतो, चार पावलं चालवतो, पाच पावलं पळवतो, आणि मग रुमालाखाली बोटांनी भाव करतो. तोच माणूस पाना घेताना मात्र वेष्टनावरचं चकचकीत गाडीचं चित्र बघून पैसे काढून देतो. खरं तर पान्याचेही दात बघायचे असतात. आकडा पोलादात ठोकलेला हवा, नुसता छापलेला नको. तोंडाच्या दोन्ही कडा समांतर हव्यात. दुकानात एखादा बोल्ट मागून घ्यावा, त्यावर पाना चढवून हलवून बघावा. डगमगला तर परत. भट्टीत घडवलेला, क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा पाना जोर लावला की माणसाला दमवतो. हलका असला की तो स्वतःच तोंड पसरतो. आणि क्रोम-व्हॅनेडियम हे शब्द हलक्या पान्यावरही असतात, उलट जरा मोठ्या अक्षरात असतात.

चोखंदळ माणसं हत्यारं घ्यायला मुंबई गाठतात. आसनगावहून लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरायचं आणि चालत नागदेवी स्ट्रीट. तिथे टाचणीपासून चेनपुलीपर्यंत सगळं मिळतं आणि दुकानदार तुमच्या चपलेकडे बघून भाव सांगतो. यातली गंमत अशी की ज्या टापरियाचा पाना नाहीतर पक्कड घ्यायला माणूस एवढा जातो, त्या कंपनीचा कारखाना नाशिकला, सातपूरला. १९६९ पासून, स्वीडनच्या तंत्रसाहाय्याने त्यांनी ही हत्यारं बनवायला घेतली. म्हणजे तो पाना कसारा घाट उतरणार, आमच्या शहापूरच्या दारावरून हायवेने खाली मुंबईला जाणार, नागदेवीत फळीवर बसणार, आणि मग आम्ही लोकलने जाऊन, धक्के खाऊन, घासाघीस करून तो पुन्हा शहापूरला आणणार. शहापूरच्या बाजारपेठेत तोच पाना असतो. पण गावात घेतलेल्या वस्तूला ‘मुंबईहून आणली’ म्हणता येत नाही, आणि घासाघीस करताना दुकानदार आपल्या मामेसासऱ्यांना ओळखतो.

आता व्हील पाना. हा गाडीबरोबर फुकट येतो आणि लायकीही तेवढीच असते. चाकाचे नट बहुतेक छोट्या गाड्यांत १७, १९ नाहीतर २१ चे असतात आणि ते साधारण १०० न्यूटन-मीटरच्या पीळाने आवळायचे असतात. गाडीबरोबरचा पाना जेमतेम २५ सेंटिमीटर लांब. म्हणजे तो नट सोडवायला दांडीच्या टोकाला ४० किलोचा भार हवा. हे झालं पुस्तकातल्या नटाचं. प्रत्यक्षात टायरवाल्याने तो हवेच्या गनने आवळलेला असतो, आणि गनला पुस्तक वाचता येत नाही. मग रस्त्याच्या कडेला जो देखावा होतो तो सगळ्यांनी पाहिलाय: धनी पान्यावर एक पाय ठेवून उभा, मग दोन्ही पाय, मग टपाला धरून उड्या, आणि आतून बायको म्हणते, “अहो, माणसं बघतायत.” यावरचा इकडचा इलाज अगदी शास्त्रशुद्ध आहे. विहिरीवरच्या मोटरचा जुना लोखंडी पाईप मीटरभर कापून डिकीत टाकायचा आणि वेळ आली की पान्याच्या दांडीवर चढवायचा. ४० किलोचं काम १० किलोत होतं. मात्र पाईप सोडवायला वापरायचा, आवळायला नाही. आवळतानाही पाईप लावणारे महाभाग आहेत. त्यांची चाकं पुढच्या पंक्चरला गॅस कटर घेऊनच काढावी लागतात.

नट सैल करायचे ते गाडी जमिनीवर असताना, पाव फेरा. मग जॅक. उलटं केलं की चाकच फिरतं आणि जॅकवरची गाडी डुलते. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने. आणि दुसऱ्या चाकाला दगड लावायचा. या दगडाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. माळशेजच्या रस्त्यावर काही दगड दरडीतून येतात आणि बाकीचे ड्रायव्हरांनी लावलेले असतात. स्टेपनी बदलली की माणूस हात धुतो, चहा पितो, निसर्गाचं कौतुक करतो आणि दगड भर रस्त्यात ठेवून निघून जातो. मागून येणाऱ्याचा टायर त्यावर फुटतो, तोही खाली उतरतो आणि आपला एक नवा दगड लावतो. घाटाचं रुंदीकरण का होत नाही याची कारणं सरकारदरबारी शोधायला नकोत.

अलीकडे तर काही गाड्यांत स्टेपनीच नसते. २०२० साली नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं सामान गाडीत असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, असं ठरलं. ठरवणाऱ्यांनी बहुधा आमच्या आतल्या रस्त्यांवर गाडी घातली नसावी. टायरच्या तळव्यातला खिळा दोरी भरून बुजतो. खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजू फाटली की तिथे दोरी काय, सुतळीचा अख्खा गुंडा लावलात तरी उपयोग नाही. तरी दोरीचं ते सामान आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप, एवढं प्रत्येकाने घ्यावंच. पंप आणल्याची बातमी आळीत तासाभरात पसरते. पहिल्या संध्याकाळी सायकली येतात, दुसऱ्या दिवशी व्हॉलीबॉल, आणि रविवारी ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीला मात्र स्पष्ट नाही म्हणावं. तो पंप तेवढ्या टायरला हवा भरता भरता तुमची बॅटरी बसवतो आणि मग ट्रॅक्टरनेच तुमची गाडी ओढावी लागते.

तर उसनवारीकडे वळू. प्रत्येक हत्याराचं शास्त्राने सांगितलेलं एक काम असतं आणि आळीने ठरवलेलं दुसरं. स्क्रू ड्रायव्हर रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला, भिंतीत वायरसाठी खाच पाडायला आणि नारळ सोलायला जातो. परत येतो तेव्हा त्याच्या टोकाला गुळगुळीत गोलाई आलेली असते आणि मुठीला हातोडीचे घाव. व्हील पाना खुंट्या ठोकायला जातो. गाडी ओढायची दोरी पेंढ्याचे भारे बांधायला. डिकीतली हातबॅटरी तर गाडीची असतच नाही. वीज गेली की रात्री ‘काहीतरी सळसळलं’ म्हणून जी हाक येते तिच्याबरोबर ती बॅटरी जाते, आणि सापाचं प्रकरण असल्याने नाही म्हणता येत नाही. आणि पक्कड! ही सगळ्यांत फिरती. गॅसचा रेग्युलेटर, गेटची कडी, नळाची चावी, टीव्हीची वायर. सकाळी सात वाजता एखादं शेंबडं पोर दारात येऊन उभं राहतं, “काका, आबांनी पक्कड मागितलीय.” कशाला हवीय विचारलं तर त्याला माहीत नसतं, आणि आबा स्वतः येत नाहीत, कारण मागच्या वेळची त्यांनी अजून दिलेली नसते.

यावर एक सर्वमान्य उपाय आहे, तो म्हणजे दोन संच ठेवायचे. एक द्यायचा हलका, एक लपवायचा चांगला. माझं मत उलटं आहे. हलका पाना शेजाऱ्याला दिला की तो तोंड पसरतो, शेजाऱ्याचा हात सटकतो, बोटं सोलवटतात, आणि पुढची दोन वर्षं ‘यांनीच दिलेला पाना’ ही कथा प्रत्येक पंगतीत वाढली जाते. द्यायचा तो चांगलाच द्यावा. फक्त ओळख पटावी म्हणून त्यावर रंगाचा ठिपका असावा. इथेही एक अडचण येते. आमच्या आळीत कुणीतरी दाराला लावून उरलेला लाल ऑइलपेंटचा डबा होता. सगळ्यांनी ओळखीसाठी त्यातलाच रंग लावला. आता आळीतलं प्रत्येक हत्यार लाल ठिपक्याचं आहे आणि भांडणाला पुरावा उरलेला नाही.

गंजाचं आधी म्हटलंच. पावसाळ्याचे चार महिने हत्यारं जळक्या ऑइलच्या चिंधीने पुसून ठेवली तर टिकतात. गंजून बसलेल्या नटावर पूर्वी आमच्याकडे रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचे. आता डिझेल सोडतात, आणि शहरातून आलेला माणूस नळकांड्यातला फवारा मारतो. तिन्ही प्रकारांत खरं काम रात्रीच्या वाट बघण्याने होतं, पण ते बाटलीत भरून विकता येत नाही. जळक्या ऑइलवरून आठवलं: छोट्या गाडीतून तीन लिटरच्या आसपास ते निघतं. तुम्हाला वाटतं, हे टाकायचं कुठे? काळजी नको. ज्यांच्या घराला लाकडी वासे आणि वासे खायला वाळवी आहे, ते महिनाभर आधीपासून तुमच्या गाडीच्या तब्येतीची चौकशी करत असतात. “ऑइल काळं पडलं असेल ना आता?” गाडीवर एवढी माया सख्ख्या भावानेही केली नसेल. ऑइल शेतात किंवा गटारात ओतण्यापेक्षा ते बरं, एवढंच म्हणतो. विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावात याहून जास्त सांगायला नको.

भात झोडून घरात आलं की उंदीर येतात आणि त्यातले हुशार उंदीर बोनेटखाली राहतात. ऊब असते, वायरीचं प्लास्टिक असतं. कोणी तंबाखूची पानं ठेवतं, कोणी डांबरगोळ्या. तरी वायरी कुरतडल्या जातातच. त्यासाठी हत्यारांत एक साधा टेस्टर, थोडी चिकटपट्टी आणि दोन-चार जास्तीचे फ्यूज हवेत. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीएनजीची नळी यांना मात्र घरी हात लावायचा नाही, कितीही चांगला पाना असला तरी. तिथे हळद संपेपर्यंत थांबावं.

राहता राहिला जॅक. गाडीबरोबरचा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणं हा आत्महत्येचा प्रकार आहे. म्हणून शहाण्या माणसाने बाटलीसारखा दिसतो तो दोन टनी हायड्रॉलिक जॅक घ्यावा, आणि गाडी उचलल्यावर खाली भक्कम लाकडी ओंडका सारावा, असं सगळे सांगतात. मीही घेतला. आणला त्याच दिवशी संध्याकाळी शेजारचे मामा बघायला आले. त्यांनी हातात घेतला, वजन केलं, “किती उचलतो?” विचारलं. दोन टन म्हटल्यावर काही न बोलता आपल्या पडवीकडे बघितलं. त्यांच्या पडवीचा मधला खांब वाळवीने खालून पोखरलेला, वरची कौलं एका बाजूला कललेली. मी समजलो. “दोन दिवसांत आणून देतो,” म्हणाले. सुताराने खांब तासायला घेतला आणि पाऊस लागला. सुतार भातलावणीला गेला. पडवी जॅकवर राहिली.

श्रावणात माझ्या गाडीचा टायर बसला. मी छत्री घेऊन मामांकडे गेलो. जॅकवर पडवी, पडवीत भाताचं बियाणं, म्हैस आणि मामा, सगळे सुखरूप होते. मी जरा भीत भीतच विषय काढला. मामा म्हणाले, “अरे, लाजतोस काय? जॅक तुझाच आहे. हा काढला तर पडवी बसंल, म्हणून आणून देता येत नाय. तू असं कर, हवा भरत भरत गाडी इकडंच घेऊन ये. कौलाच्या खाली उभी कर, भिजायचा पण नाय. आम्ही चौघं जण उचलून धरतो.”

चौघांनी उचलून धरली. नट सोडवायला पाईप मामांच्याच विहिरीवरचा होता.